चारशे सतरा नंबरचा बिल्ला

आमच्या नातसुनेला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही मुली. एक थांबली की दुसरी सुरू. घरात भांड्याला भांडं लागायलाही कुणाला सवड नव्हती. त्यामुळे शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी पिशवी उचलली की मला कुणी अडवत नसे. नातसून उलट म्हणायची, "जा आजी, तुमची मेलेली माणसं बरी. रडत तरी नाहीत."

मी जायचे ते पूर्वजशोध मंडळात. वाचनालयाच्या माडीवर एक लांबट खोली, दोन टेबलं, अकरा खुर्च्या, त्यांतली एक लंगडी. भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी कागदाची पट्टी डकवलेली आणि तिच्यावर आम्हा सगळ्यांची कुळं. मंडळ चालवायचे मास्तर. त्यांनी शाळेत चाळीस वर्षं भूगोल शिकवला होता, त्यामुळे मेलेली माणसंसुद्धा ते नद्या-डोंगरांसारखी दाखवायचे, छडीनं. त्यांचा नियम एकच, पण कडक. नाव आधी पेन्सिलीनं लिहायचं. दोन वेगवेगळे कागद तेच बोलले, तरच शाईनं. आजी सांगायची, मामा म्हणायचा, असलं सगळं पेन्सिलीतच राहायचं. आमच्यातल्या नर्सबाईचे पणजोबा चौदा वर्षं पेन्सिलीत होते. ती म्हणायची, "जिवंतपणी त्यांनी कुणाचं ऐकलं नाही, आता कागदांचं ऐकतात होय!"

नर्सबाई माझी जुनी मैत्रीण. आम्ही एकाच इस्पितळातून निवृत्त झालो, ती वॉर्डातून आणि मी धुलाईघरातून.

माझ्या फांदीवर आई, बाबा, दादा आणि मी, आणि माझ्या शेजारी पेन्सिलीचं एक रिकामं वर्तुळ. ते धाकटीचं. बाबा आधीच गेले होते. आई गेली तेव्हा दादा दहा वर्षांचा, मी सहाची आणि धाकटी पाच महिन्यांची होती. परगावची मावशी आम्हा दोघांना घेऊन गेली. तान्हं मूल तिला झेपणार नव्हतं. धाकटीला "कुणीतरी घेतलं", एवढंच मला ठाऊक. मोठेपणी आम्ही कामासाठी याच गावात परत आलो, पण दादाला विचारलं की तो म्हणायचा, "झालं ते झालं." दुसऱ्यांदा विचारलं की उठून जायचा.

आता तो एक्याऐंशी वर्षांचा झाला होता. लग्न केलं नाही, जन्मभर मालाच्या गाड्या चालवल्या आणि म्हातारपणी माझ्याकडे मागच्या खोलीत राहायला आला. गेल्या थंडीपासून त्याचं हृदय कुरकुर करत होतं. डॉक्टर म्हणाले, जपा. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पण झोपेत तो कधी कधी "डोकं सांभाळ, डोकं सांभाळ" म्हणायचा, ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. त्याच्या डोळ्यांदेखत धाकटीचा पत्ता लागावा, एवढ्यासाठीच मी मंडळात नाव घातलं होतं. दोन वर्षांत अनाथाश्रमाच्या वह्या झाल्या, इस्पितळाच्या झाल्या, हाती काही लागलं नव्हतं.

आणि मग दोरखंडाच्या कारखान्याच्या वह्या आल्या.

आमची आई त्याच कारखान्यात काथ्या पिळायला होती. कारखाना बंद पडून सव्वीस वर्षं झाली होती. आता इमारत पाडायची होती आणि गोदामातल्या वह्या रद्दीत निघाल्या होत्या. मास्तरांनी त्या हातगाडीवरून आणल्या, तीन खेपांत. खोलीत ओल्या काथ्याचा वास भरून राहिला.

या वह्यांत जुन्या कामगारांची नावं नव्हतीच. प्रत्येकाला पितळी बिल्ला, बिल्ल्यावर नंबर, नंबरापुढे रोजची हजेरी आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला अंगठा. मास्तरांनी काम वाटून दिलं. वह्या दहा-दहा वर्षांच्या गठ्ठ्यांत सगळ्यांना वाटल्या आणि एका नंबराला एक कार्ड केलं. ज्याच्या गठ्ठ्यात तो नंबर दिसेल त्यानं कार्डावर वर्ष टिपायचं. अक्षरं मला साठीनंतर आली, पण धुलाईघरात चादरींवर आकडेच असतात, त्यामुळे पुसट आकडा माझ्या नजरेतून सुटत नसे. सगळी कार्डं जुळवायचं काम माझ्याकडे आलं.

चारशे सतरा नंबरचं कार्ड पाहून मास्तर खुर्चीतून उठलेच.

"त्रेपन्न वर्षं! एकाच बाईनं! एक वर्ष मध्ये रिकामं नाही! आक्का, हिचं कार्ड आपण खालच्या दर्शनी कपाटात लावू."

"आधी तिच्या कमरेचं काय झालं ते शोधा," नर्सबाई म्हणाली.

मी घरी आले आणि चहा घेताना दादाला गंमत म्हणून सांगितलं. "एक बाई त्रेपन्न वर्षं कामावर होती म्हणे. लोखंडाचीच असणार."

"नंबर काय?" दादानं विचारलं.

"चारशे सतरा."

त्याचा कप ओठांशी तसाच राहिला.

"तो आईचा नंबर आहे."

"कशावरून?"

"मी डबा घेऊन जायचो. फाटकावर नंबर ओरडावा लागायचा. चारशे सतरा! की आई यायची."

"अरे, पण आईनं तिथं आठच वर्षं..."

दादा उठला, खोलीत गेला आणि आतून कडी लावली.

मला शनिवारपर्यंत दम निघेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मास्तरांच्या दारात. ते गालाला साबण लावून उभे होते. माझं ऐकलं, एका गालाची दाढी केली आणि दुसरा तसाच ठेवून किल्ली घेऊन निघाले. वाटेत नर्सबाईला हाक मारली.

खोलीत आम्ही आई गेली त्या वर्षाची वही काढली. मास्तर जरा घुटमळले. मग हळूच म्हणाले, "आक्का, राग मानू नका. आईला तुम्ही... शेवटचं स्वतः पाहिलं होतं का?"

मी पाहिलं नव्हतं. मला शेजारणीकडे ठेवलं होतं. आई गेलीच नसेल तर? आम्हाला मावशीकडे धाडून ती पुढं पंचेचाळीस वर्षं इथं काथ्या पिळत बसली असेल तर? एका श्वासात मला तिचा राग आला आणि दुसऱ्या श्वासात मी आनंदानं वेडी व्हायची राहिले.

"बस खाली," नर्सबाई म्हणाली. "भिंग कुठंय?"

तिनं वही उजेडात धरली. आईच्या आठ वर्षांचे अंगठे एकेक करून पाहिले. सगळ्यांत रेघा एका बाजूला वळलेल्या, शंखासारख्या. आई गेली त्या महिन्यात तीन दिवसांची गैरहजेरी होती. चौथ्या दिवशी पुन्हा हजर, आणि पुढच्या पहिल्या तारखेला नंबराशेजारी नवा अंगठा. नर्सबाईनं भिंग त्यावर नेलं आणि ती ओरडलीच.

"चक्र! बघा, बघा! गोल गोल चक्र आहे! अंगठा कधी बदलत नाही बाई. माणूस बदललंय!"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "त्रेपन्न वर्षं! आणि मी एका बाईला कपाटात बसवायला निघालो होतो! प्रत्येकानं आपापला गठ्ठा पाहिला, पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी पाहिलंच नाही." मग ते थांबले. "पण एक समजत नाही. मेलेल्याचा बिल्ला जमा व्हायचा. नव्या माणसाला नवा नंबर मिळायचा. बाकी सगळीकडे तसंच आहे. हा एकच नंबर दुसरीकडे कसा गेला?"

"ते सांगणारा एकच माणूस आहे," मी म्हणाले. "आणि तो कडी लावून बसलाय."

"सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही," नर्सबाई म्हणाली. "जा, ओढून बघ."

घरी गेले तर कडी निघालेली होती. दादा खाटेवर बसला होता. मी त्याला शंख सांगितला, चक्र सांगितलं. तेव्हा त्यानं एकाहत्तर वर्षं मिटलेलं तोंड उघडलं.

"बिल्ला मीच दिला तिला."

आई गेल्यावर मुकादमानं दादाला फाटकावर बोलावून घेतलं होतं. फाटकाबाहेर रोज बाया उभ्या असायच्या, कुणी कामावरून गेलं तर आपल्याला घेतील म्हणून. तसं क्वचितच व्हायचं, पण तान्हं मूल मागं राहिलं की तिथं एक रीत होती. मूल जी घेईल तिला आईचा बिल्ला. मुकादमानं धाकटीला दादाच्या हातात दिलं, बिल्ला तिच्या फडक्यात खोचला आणि सांगितलं, दे कुणाला द्यायचं ते.

"अकरा जणी होत्या," दादा म्हणाला. "मी एकीला दिलं. तिचं नावसुद्धा विचारलं नाही. तिनं मूल घेतलं ते बिल्ल्यासाठी. बिल्ला एकदा मिळाल्यावर मुलाचं तिला काय? कुठं टाकलं असेल, कुणाला दिलं असेल, दूध पाजलं असेल की नाही. सांग, कुठल्या तोंडानं तुला सांगणार होतो?"

मी त्याच्या शेजारी बसले. मग एकदम आठवलं आणि मी ताडकन उभी राहिले.

"दादा, तिथं पाळणाघर होतं ना?"

"होतं. आई तुलाही तिथं न्यायची."

पाळणाघराच्या वह्या आमच्याकडे आल्या होत्या! त्यांत अंगठे नव्हते म्हणून मास्तरांनी त्या खिडकीखाली रचून ठेवल्या होत्या. मी तशीच परत निघाले. मागून चपलांचा आवाज आला. दादा!

"तुला जिने चढायचे नाहीत," मी म्हणाले.

"गप चाल."

वाचनालयाच्या अठ्ठावीस पायऱ्या तो तीनदा बसून चढला. नर्सबाईनं त्याची नाडी धरली, डोळे वटारले आणि त्याला पाणी दिलं. आम्ही वह्या उपसल्या. नेमकी हवी ती वही सापडेना. आधीची होती, नंतरची होती, मधली नाही. मास्तर घामाघूम झाले.

"मास्तर," नर्सबाई म्हणाली, "तुम्ही बसता त्या लंगड्या खुर्चीच्या पायाखाली काय आहे?"

मास्तर लाजून लाल झाले. महिनाभर ते आमच्या धाकटीवरच बसले होते!

पाळणाघराच्या वहीत रोज बिल्ल्याचा नंबर आणि पुढे खूण. मूल आणलं तर फुली, नाही आणलं तर मोकळं. मी बोट ठेवून वाचत गेले. आई गेल्यावर तीन दिवस मोकळे. चौथ्या दिवशी चारशे सतरा, फुली.

"आणलंय," मी म्हणाले.

"पुढं," दादा म्हणाला.

पाचवा दिवस फुली. सहावा फुली. एक आठवडा, एक महिना, चार महिने. दादा प्रत्येक फुलीला मान हलवत होता. वर्ष उलटलं. धाकटी दीड वर्षाची झाली असेल, आणि एका पानावर फुल्या थांबल्या. मोकळं. मोकळं. मोकळं. पान उलटलं, तरी मोकळंच.

"बघ," दादा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मी म्हटलं नव्हतं?"

"थांबा हो जरा!" मास्तर मोठ्या हजेरीची वही घेऊन धावत आले. "मूल आलं नाही, पण बाई तरी आली का? नाही! तीही गैरहजर. हे पाहा, तेराव्या दिवशी लाल शाईनं शेरा आहे. 'यापुढे न आल्यास बिल्ला जमा.' आणि तरीही आली नाही! चौदा, पंधरा, सोळा... एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी हजर." त्यांनी चष्मा सारखा केला आणि शेरा मोठ्यानं वाचला, वर्गात वाचावा तसा. "'मूल आजारी होते. मुकादमाच्या शब्दावर कामावर घेतले.'"

मी पाळणाघराच्या वहीत तोच दिवस पाहिला. चारशे सतरा, फुली.

ज्या बिल्ल्यासाठी मूल घेतलं असं दादा म्हणत होता, तो बिल्ला त्या बाईनं मुलासाठी घालवायला काढला होता. दादानं वही स्वतःकडे ओढली. त्याला वाचता येत नव्हतं. पण त्या फुलीवर त्यानं बोट ठेवलं ते काढेना.

"आता पुढं पाहू," नर्सबाई नाक शिंकरून म्हणाली. "चक्रबाई किती वर्षं टिकल्या ते तरी कळू दे."

चक्र चोवीस वर्षं टिकलं. पंचविसाव्या वर्षीच्या वहीत चारशे सतरा पुढे अंगठाच नव्हता. सही होती! वळणदार, पूर्ण नावाची. शेजारी नवा रकाना होता, आधीच्या बिल्लाधारकाशी नाते. त्यात लिहिलं होतं, मुलगी.

नर्सबाईनं मला मिठी मारली. मास्तर दोन्ही हात वर करून नाचले, आणि त्यांच्या अर्ध्या दाढीची आम्हाला तेव्हा कुठं आठवण झाली.

कारखाना बंद झाला तेव्हाची पेन्शनची यादी दुसऱ्या गठ्ठ्यात होती. तेच नाव होतं, पत्त्यासकट. नदीपलीकडे, सुताराच्या दुकानावर, दुसरा मजला. आमच्या घरापासून चालत चाळीस मिनिटं.

"काखेत कळसा," नर्सबाई म्हणाली.

सहीचं पान आणि पेन्शनची यादी, दोन कागद झाले. मास्तरांनी शाईचं पेन माझ्या हातात दिलं आणि त्या वर्तुळात धाकटीचं नाव मी लिहिलं.

मी लगेच नदीपलीकडे निघाले होते. मास्तरांनी अडवलं. जिवंत माणसाला आधी पत्र, हा मंडळाचा रिवाज. एकदा ते असेच कुणाच्या तरी दारात नातेवाईक घेऊन उभे राहिले होते आणि वरून बादलीभर पाणी आलं होतं. पत्र धाडलं. पत्ता सव्वीस वर्षांपूर्वीचा. दादा रोज पोस्टमनच्या वेळी दारात खुर्ची टाकून बसायला लागला. एक दिवस, तीन दिवस, सहा दिवस. पोस्टमन म्हणाला, "आजोबा, लग्नाचं जमवताय की काय?"

नवव्या दिवशी उत्तर आलं. अक्षर त्या सहीसारखंच होतं. "रविवारी दहा वाजता या. जिना अरुंद आहे. मोठ्यांनी कठडा धरावा."

दादानं ते माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं.

रविवारी आम्ही दोघंच गेलो. दादानं कठडा धरला. दार उघडंच होतं आणि दारात एक ठेंगणी, ताठ बाई, केस कानापर्यंत कापलेले, आणि हनुवटी थेट आमच्या आईची. मला रडूच फुटलं. ती माझ्याकडे पाहून हसली, पण तिची नजर दादावर होती.

"हेच का ते?" ती म्हणाली. "या, बसा. आई तुमच्याबद्दल सांगायची."

"माझ्याबद्दल?" दादा उभाच राहिला.

"तर काय! फाटकावर अकरा जणी होत्या म्हणे. एका पोरानं एकेकीचं तोंड निरखून पाहिलं आणि सगळ्यांना सोडून तिच्यापाशी आला. मी हट्ट केला की ती ऐकवायची, त्या पोरानं मला पारखून घेतलंय, तो उद्या आला तर त्याला तोंड काय दाखवू? तुमच्या नावानं मी कितीदा दूध प्यालेय!"

दादा खुर्चीत बसला. मला वाटलं, आता तो मान डोलावेल आणि सगळं गोड होईल. पण दादा कसला!

"मी पारखलं नाही," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू. बाया अंगावर आल्या. एकीनं माझी बाही धरली, एकीनं तुझं फडकं ओढलं. मी घाबरलो, मागं फिरलो आणि पळालो. मागं ती उभी होती, सगळ्यांत शेवटी. मी जाऊन तिच्यावर आदळलो. ती म्हणाली, 'अरे, डोकं सांभाळ तिचं.' आणि तू तिच्या हातात गेलीस. एवढंच."

धाकटी त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती.

"म्हणजे पारख नाही, टक्कर! अरे देवा! आणि मी सत्तर वर्षं निवडक माल म्हणून मिरवतेय!"

मीही हसायला लागले. दादा आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहत होता, त्याला अजून धीर नव्हता.

"तिनं तुला नीट सांभाळलं?" त्यानं विचारलं.

"एकदा कानाखाली वाजवली होती."

"का?" दादा अर्धा उठला.

"शाळा बुडवली म्हणून. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. म्हणाली, माझ्या नंबरापुढे तू अंगठा लावलास तर हात तोडीन." मग ती दादाजवळ आली आणि त्याच्या खुर्चीच्या हातावर बसली. "बरं झालं तू पळालास, दादा. पुढं होत्या त्यांतली कुणी असती तर?"

दादा हसला. इतकं मोठ्यानं हसताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

तो पुढं एक वर्ष आणि दोन महिने जगला. धाकटीचा जिना त्यानं एकूण सत्तावीस वेळा चढला, दर वेळी डॉक्टरांच्या शिव्याशापांची तयारी ठेवून. फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, सोमवारी सकाळी सव्वाआठ वाजता दादा गेला. त्याला ब्याऐंशी वर्षं पुरी झाली होती आणि आम्ही दोघी बहिणी त्याच्याजवळ होतो.